आठवा लागायच्या आत

एकतीस वर्षं मी महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. फुप्फुसांची आकृती मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते, उजवं जरा मोठं, डावं जरा लहान. अशा बाईने भर दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, "कळा थांबवू नका. काय व्हायचं ते आज-उद्यात होऊन जाऊ दे. परवा आठवा लागतो." माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी तिथे असतं तर त्याने तोंडात बोटं घातली असती. सुदैवाने खोलीत माझी मुलगी, डॉक्टर आणि एक सिस्टर एवढ्याच होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या बायका मानतात की सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं आणि आठव्यात झालेलं जगत नाही. का, ते कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. खरं तर आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. सासऱ्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा नवस, अंगारे, मुहूर्त सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि काही उरलंसुरलं होतं ते मी सून म्हणून आल्यावर झाडून काढलं. शेजारीण नातवाची दृष्ट काढायला लागली की मी तिच्याकडे पुरावा मागते. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत त्यामुळे मला फारसं कुणी बोलावत नाही, आणि माझं त्यावाचून काही अडत नाही. ही एक समजूत मात्र माझ्यात ठाण मांडून बसली होती. ती कुठून आली ते सांगणारच आहे.

मुलगी खराडीला एका कंपनीत कामाला आहे, जावईही तिकडेच. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात मी तिला घेऊन आले, तिच्या लॅपटॉपसकट. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी महिन्यांचे गोल करून ठेवले होते. रविवारी डोहाळजेवण केलं. ओटी वगैरे काही नाही, नुसती हौस. फुलांचे दागिने, फोटो, मसालेभात. तिथे माझी नणंद बोललीच, "बाळाला मामा नाही गं. कान टोचायला कुणाच्या मांडीवर बसवणार?"

"खुर्चीवर," मी म्हणाले. सगळ्या हसल्या. मी आत जाऊन उगाचच गॅसची शेगडी पुसत राहिले.

मंगळवारी सकाळी मुलगी ऑफिसच्या कॉलवर होती. मध्येच बाहेर आली आणि म्हणाली, "आई, कंबर दुखतेय. येतं नि जातं."

"दिवसभर खुर्चीला चिकटून बसल्यावर दुसरं काय होणार?" मी म्हणाले आणि तेल लावायला घेतलं. लावता लावता घड्याळाकडे लक्ष गेलं. प्रयोग करायची खोड, दुसरं काय. दुखलं तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं. मग चौदा. मग बावीस. मग तीस. पोटावर हात ठेवला तर पोट पाट्यासारखं घट्ट. मी तेलाची वाटी तशीच ठेवली आणि रिक्षा बोलावली.

रिक्षात बसल्यावर मी रिक्षावाल्याला सांगितलं, "लवकर घ्या हो, आणि खड्डे चुकवत हळू चालवा." त्याने आरशातून पाहिलं. "ताई, लवकर की हळू? एक काहीतरी ठरवा." पण मुलीचा चेहरा दिसल्यावर सदाशिव पेठेपर्यंत त्याने एकही धक्का बसू दिला नाही. मागून आमचे हे स्कूटरवर फाइल घेऊन आले. हे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. घरातल्या प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स काढल्याशिवाय यांना झोप येत नाही. मुलीच्या सोनोग्राफीच्याही काढलेल्या होत्या.

डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी असेल. पायात खेळाचे बूट, केस वर बांधलेले. तपासून म्हणाली, "कळाच आहेत. गर्भपिशवीचं तोंड उघडायला लागलंय. तीस आठवडे झालेत. पाणी गेलेलं नाही, ही चांगली गोष्ट." मग तिने भराभर प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी कधी दिवस गेले होते का, पडलं होतं का, रक्तस्राव झाला का, रक्तदाब, साखर, तंबाखू, घरात कुणी सिगारेट ओढतं का. मुलगी मान हलवून नाही नाही म्हणत होती.

"लघवीला जळजळ?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. आठ दिवस ती मला हेच सांगत होती. आणि मी, एकतीस वर्षं मुलांना जंतूंची चित्रं दाखवणारी, तिला म्हणाले होते, "उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी पी." रोज तांब्याभर करून तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवत होते. कौतुकाने.

"चूक माझी," मी म्हणाले. "तपासायला हवं होतं."

डॉक्टर ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसतं लिहून घेतलं. "याच्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण लघवीतला जंतुसंसर्ग हे एक कारण असू शकतं, आणि आता कळलंय तर आपण त्यावर औषध सुरू करू. तुमच्या आईचं एखादं बाळंतपण असं लवकर झालं होतं का?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मी एकटीच. पूर्ण दिवसांची."

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

मग डॉक्टरने पुढचं सांगितलं. कळा थोपवायला गोळ्या. त्या फार काळ थोपवणार नाहीत, पण आपल्याला दोन दिवस मिळाले तरी पुरेत. त्या दोन दिवसांत आईला स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं, एक आत्ता आणि एक उद्या याच वेळेला, म्हणजे बाळाची फुप्फुसं तयार होतील. "परवा दुपारपर्यंत बाळ आत राहिलं ना, तर मी पेढे वाटेन," ती म्हणाली.

परवा. माझ्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आलं. परवाच्या तारखेभोवती मीच गोल केला होता. सातवा संपला, आठवा लागला. आणि मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

"आई, काय बोलतेस तू?" मुलगी म्हणाली.

डॉक्टरने विचारलं, "काकू, आपण काय करता?"

"विज्ञान शिक्षिका. निवृत्त."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं. मग आपल्याला समजावणं सोपं जाईल."

टोमणा मला कळला. पण मी हटले नाही. म्हणाले, आणि स्टिरॉइड कशाला, आमच्या खालच्या मजल्यावरच्या दम्याच्या आजोबांचं तोंड त्याने भोपळ्याएवढं झालंय. सिस्टरने संमतीचा कागद पुढे केला होता. मुलीने पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "डॉक्टर, आई कधी काही उगाच मानत नाही," ती म्हणाली. "कशालाच घाबरत नाही ती. मग यात काही असेल का?"

जन्मभर मी हिला पुरावा माग म्हणून शिकवलं, आणि आज माझी भीतीच हिला पुरावा वाटत होती. तिला पुन्हा कळ आली. पेन घट्ट धरून तिने ती सोसली. औषध ट्रेमध्ये तयार होतं आणि माझ्या एका वाक्याने अडलं होतं.

डॉक्टर माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. "हे आपल्याला कुणी सांगितलं?"

मग मी सांगितलं. मुलीच्या आधी, चौतीस वर्षांपूर्वी, मला एक मुलगा झाला होता. माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यात, आठव्यात. सकाळी सहाला झाला आणि दुपारी तीनला गेला. श्वास घेताना तो बारीक कण्हायचा. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडायचा, इतका खोल की माझं बोट मावलं असतं. तिथली सिस्टर भली बाई होती. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "अठमाश्या आहे गं. सातव्यात झाला असता तर वाचला असता." ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. त्यात कुणाचीच चूक नव्हती ना. माझी नव्हती, माझ्या आईची नव्हती, दवाखान्याची नव्हती. चूक महिन्याची होती. पुरायला हे एकटेच घेऊन गेले. परत आले, हातपाय धुतले, आणि त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. नाव ठेवलं नव्हतं. कुठल्या कागदावर त्याची नोंद नाही, एक फोटो नाही. मुलीला आम्ही कधी सांगितलंच नाही.

मी मुलीकडे पाहायचं टाळलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "काकू, तो महिन्याने नाही गेला. सातव्यात झाला असता तर त्याला आणखी जड गेलं असतं. त्याची फुप्फुसं उघडी राहत नव्हती. भाजीवाल्याकडची नवी पातळ पिशवी कशी आतून चिकटलेली असते, चोळल्याशिवाय तोंड उघडत नाही? बाळाच्या फुप्फुसांत तशा लाखो बारीक पिशव्या असतात. दिवस भरत येतात तसं बाळ आतल्या आत एक साबणासारखा पदार्थ तयार करतं, त्याने त्या चिकटत नाहीत. लवकर आलेल्या बाळाकडे तो पुरेसा नसतो. हे औषध आईला दिलं की वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्याची फुप्फुसं तो पदार्थ लवकर करायला लागतात."

साबण! दर वर्षी मी वर्गात बशीभर पाणी घ्यायचे, वर मिरपूड भुरभुरायचे आणि मधोमध साबणाचं बोट टेकवायचे. मिरपूड कडेला पळायची, मुलं ओरडायची, आणि मी फळ्यावर 'पृष्ठताण' असं लिहून खाली रेघ ओढायचे. एकतीस वेळा केला हा प्रयोग. तो प्रत्येकाच्या छातीत पहिल्या श्वासाला होतो, माझ्या मुलाच्या छातीत तो झाला नव्हता, हे मला त्या दिवशी स्टुलावर बसलेल्या एका पोरीने सांगितलं. मी थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिले.

"हे इंजेक्शन तेव्हा होतं?" मी विचारलं.

तिने खरं ते सांगितलं. "माहीत झालं होतं. सगळीकडे पोचलं नव्हतं."

मी मुलीला म्हणाले, "सही कर."

तिने केली. सिस्टरने औषध भरलं. केवढंसं होतं ते! चमचाभरही नाही, आणि पाण्यासारखं. मांडीला कापूस फिरवला, सुई टोचली, झालं. पावणेबारा वाजले होते. मी पेनने तळहातावर वेळ लिहून ठेवली, फाइलमध्ये लिहिलेली असूनही.

गोळ्यांनी कळा विरळ झाल्या. जावई धावतपळत आला आणि त्याने मोबाइलवर अठ्ठेचाळीस तास उलटे मोजायला लावले. मुलगी माझ्याशी दुपार उलटेपर्यंत बोलली नाही. मग छताकडे बघत म्हणाली, "मला भाऊ होता, आणि ते मला दवाखान्यात पेन हातात असताना कळतंय."

"चुकलं गं माझं," मी म्हणाले.

"कसा होता?"

चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, की केस भरपूर होते, हनुवटी तुझ्यासारखी होती, आणि कानाच्या पाळ्या इतक्या पातळ की उजेड आरपार दिसायचा. बोलता बोलता मी हमसून रडायला लागले. तिने हात पुढे केला. त्यात सलाइनची सुई होती म्हणून मी नुसती बोटं धरली.

बुधवारी पावणेबाराला दुसरं इंजेक्शन झालं. औषधाने तिची साखर वाढली होती, सिस्टर दर थोड्या वेळाने बोटाला टोचून बघत होती. डॉक्टर फेरीला आली तेव्हा मी तिला गाठलं. हे पहिल्यांदा कळलं कुणाला, आणि कसं? ती म्हणाली, मेंढ्यांमुळे. कुणी संशोधक मेंढीच्या गर्भावर हेच औषध वापरून बाळंतपण कसं सुरू होतं ते बघत होता. फुप्फुसांचा विचार त्याच्या डोक्यातही नव्हता. एक कोकरू फारच लवकर जन्मलं. ते जगायलाच नको होतं, आणि ते श्वास घेत होतं. ते का घेतंय, हे त्याने विचारलं.

त्या दिवशी मी हेच पुन्हा पुन्हा घोळवत बसले होते. कुठल्या दूरदेशी एका कोकराने श्वास घेतला आणि समोरचा माणूस 'होतं असं कधी कधी' म्हणून पुढे गेला नाही, म्हणून आज सदाशिव पेठेत माझ्या मुलीला हे औषध मिळत होतं. आणि मी स्वतःच्या मुलाचा श्वास डोळ्यांनी पाहिला आणि चौतीस वर्षं 'असं होतं' म्हणत राहिले. पुरावा मागणारी मी! मला स्वतःची लाज वाटली. आणि त्या लाजेपेक्षाही आश्चर्य जास्त वाटत होतं, ते काही केल्या ओसरेना.

गुरुवार उजाडला. आठवा लागला. पावणेबारा वाजून गेले, जावयाच्या मोबाइलवर शून्य आलं, आणि बाळ आतच. मी डॉक्टरला म्हणाले, "पेढे?" ती हसली. तीन वाजता कळा परत सुरू झाल्या आणि या वेळी गोळ्यांना दाद देईनात. बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी सलाइनमधून आणखी एक औषध सोडलं. मुलगी म्हणाली, अंगात नुसती भट्टी पेटलीय. मग तिला आत नेलं.

मी आणि हे बाकावर बसलो. भिंतीवरचं घड्याळ माझ्या नेमकं समोर होतं, म्हणून मी पायांकडे बघत होते. आत बोलण्याचे आवाज येत होते, भांड्यांचे येत होते. मला हवा होता तो येत नव्हता. हे फाइलचा बंद उघडत होते आणि परत बांधत होते. आणि मग आला. बारीक, चिरका, मांजराच्या पिल्लाचा असावा तेवढाच. पण रडणं! कण्हणं नव्हे, रडणं. मी ह्यांचा हात धरला. भर दवाखान्यात, लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर.

मुलगी झाली होती, एक किलो चारशे ग्रॅम. तिला काचेमागच्या खोलीत नेलं. नाकात दोन बारीक नळ्या होत्या आणि त्यांचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, त्यातून सारखे बुडबुडे येत होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की काही दिवस श्वासाला ही मदत लागेल, जंतुसंसर्ग व्हायला नको, वजन वाढायला हवं, घाई करायची नाही. मी हो हो म्हणत होते. माझं लक्ष फक्त बरगड्यांखाली होतं. थोडासा खळगा पडत होता. बोट मावेल एवढा नव्हता. छाती वर येत होती, खाली जात होती, आणि पुन्हा वर येत होती. इतकी साधी गोष्ट, जन्मभर शिकवलेली, आणि माझ्या डोळ्यांची पापणी लवेना. आठव्याच्या पहिल्या दिवशी जन्मलेली माझी नात बिनदिक्कत श्वास घेत होती.

हे माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवला आणि म्हणाले, "त्याचं इथपर्यंत आत जायचं." चौतीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, ते विसरले.

संध्याकाळी मुलगी खाटेवर उशीला टेकून बसली होती, जावई तिला पेज भरवत होता. बाळाच्या खोलीतली सिस्टर कागद घेऊन आली. बरेच रकाने होते. एका ठिकाणी विचारलं होतं, कुटुंबात याआधी अपुऱ्या दिवसांचं मूल झालं आहे का. मुलीने पेन घेतलं आणि 'हो' लिहिलं. पुढे होतं, 'बाळाशी नातं'. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, 'मामा'.

सिस्टर कागद घ्यायला पुढे झाली, पण त्याआधी ह्यांनी तो हातात घेतला. चष्मा लावला. खिडकीपाशी जाऊन वाचला. बराच वेळ वाचत होते, इतकं त्यात काही नव्हतं. मग तो एक शब्द अंगठ्याने हलकेच चाचपला आणि सिस्टरला विचारलं,

"याची एक झेरॉक्स मिळेल का हो?"